बर्फाच्या समुद्रातला डवरा

पहिली काठी धाऊकाकांच्या खांद्यावर बसली तेव्हा ऋजुता त्यांच्या राबाच्या कडेला हातात फोन धरून उभी होती. पडद्यावरचे आकडे स्थिर व्हायची ती वाट बघत होती. दुसरी काठी काकांच्या हातावर बसली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि काका गुडघ्यांवर राखेत कोसळले.

“रान जाळतोस काय रं?” गजा ओरडला. डोंगराच्या कुशीतले प्लॉट मुंबईच्या लोकांना विकायचे हा गजाचा धंदा. पांढरा शर्ट, काळा गॉगल, आणि मागे काठ्या घेतलेले तिघं.

“राब हाय माजा,” धाऊकाका कण्हत म्हणाले. “राबच भाजला. रानाला मी नाय लावली.”

काका खरंच राब भाजत होते. भाताचं रोप जिथे पेरायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरायचं आणि पावसाच्या आधी ते जाळायचं, हे बेहडवाडीतलं प्रत्येक घर करतं. पण नाल्याच्या पलीकडे आख्खा डोंगर पेटला होता. सागाची पानं तडतडत होती, धुरानं सूर्य तांबडा दिसत होता. आणि इकडे काकांच्या राबातूनही धूर निघत होता.

तिसरी काठी उगारली गेली, पण खाली आली नाही. काकांची मुलगी वनिता कुठून धावत आली ते कुणालाच कळलं नाही. ती काठीवाल्याच्या हाताला लोंबकळली आणि कचकन चावली. तो गजाच्या जेसीबीचा ड्रायव्हर धोंडी. तो किंचाळला, त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडात मारली. वनिताचा ओठ फाटला, पण तिनं दात सोडले नाहीत. तिचा चुलतभाऊ सुनील झाडावरून बेचकी ताणत होता. त्याचा दगड गजाच्या गॉगलवर आदळला आणि काचेचे तुकडे राखेत पडले.

“अजून एक हाय,” सुनील वरून म्हणाला.

ऋजुताचा धाकटा भाऊ मिहीर तिला चिकटून उभा होता. “ताई,” तो पुटपुटला, “आपण नुसते पॉइंट घ्यायला आलो होतो ना?”

तेवढ्यात वनपाल नम्रताबाईंची जीप आली. त्यांनी काठ्या खाली टाकायला लावल्या, काकांना जीपमध्ये बसवलं. पण त्यांची नजर दोनच गोष्टींवर फिरत होती: समोर धुमसणारा राब आणि मागे जळणारा डोंगर. वाडीतली सगळी मोठी माणसं बाजाराला गेलेली. घरी होते फक्त धाऊकाका.

“मी डोळ्यांनी बघितलं, मॅडम,” गजा म्हणाला. “ह्याच्याच राबातनं ठिणगी गेली.”

“पुढच्या आठवड्यात कमिटी येतेय,” नम्रताबाई काकांना म्हणाल्या. “हे रान राखायचा हक्क तुम्ही वाडीसाठी मागताय. आणि रान जाळणारे तुम्हीच? माझा अहवाल कमिटीसमोर जाईल. दावा गेला म्हणून समजा. तुमच्यावर केस होईल ती वेगळीच.”

मोडलेला हात दुसऱ्या हातात धरून काका डोंगराकडे बघत राहिले.

भिसेगावातल्या सानवीताईच्या घरात दोन दिवसांनी चौघं जमले. सानवीताई म्हणजे ऋजुताची चुलतबहीण. भूगोल शिकलेली. बेहडवाडीच्या दाव्यासाठी रानाचा नकाशा तीच करत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऋजुता आणि मिहीर तिचे मदतनीस झाले होते. वनिता आणि सुनील त्यांना रान दाखवायचे, आणि हे दोघं फोनवर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे. हिरड्याची झाडं, देवीची घुमटी, प्रत्येकाचा राब, आणि डवरा. डवरा म्हणजे ओढ्याच्या पात्रात खणलेला खड्डा. उन्हाळ्यात वाडीला पाणी मिळायचं ते तेवढ्यातूनच.

धाऊकाका कर्जतच्या दवाखान्यात होते. हाताला प्लास्टर होतं. वनिताचा ओठ सुजला होता.

“मिहीर,” लॅपटॉपवरून नजर न हलवता सानवीताई म्हणाली, “वाडीचा डवरा कुठे आहे सांग.”

“देवीच्या रानाखाली.”

“तुझ्या मते नॉर्वेच्याही वर आहे. हा बघ. बर्फाच्या समुद्रात.”

सगळे वाकले. पडद्यावर निळ्याशार समुद्रात एक एकटा ठिपका होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं: बेहडवाडी, डवरा.

“आकडे उलटे भरलेस. आधी अक्षांश, मग रेखांश. आपले अठरा आधी, त्र्याहत्तर नंतर. किती वेळा सांगितलंय?”

“ऱ्हाऊ दे की तिथं,” वनिता सुजल्या ओठानं म्हणाली. “निदान पाणी तरी आटायचं नाय.”

त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सगळे हसले. ऋजुता मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

“ताई, डोंगर जळाल्यानंतरचं उपग्रहाचं चित्र आलं का?”

“आजच आलंय.”

“ते खाली ठेव. वर आपले राबाचे पॉइंट.”

पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे सानवीताईनं थर चढवले. सगळ्यात खाली उपग्रहाचं चित्र. त्यावर डोंगराचा चढउतार. त्यावर वाडीतल्या राबांचे पिवळे ठिपके. जळालेला डोंगर कुणी शाई सांडल्यासारखा काळा दिसत होता.

“धाऊकाकांचा राब हा,” ऋजुतानं बोट ठेवलं. “काळं इथे संपतं. आणि मध्ये हे काय आहे?”

“नाला,” सुनील म्हणाला. “उंबराची झाडं हायत तिथं.”

“हिरवीगार आहेत. एक पानही जळलेलं नाही. राबातून आग तिकडे गेली असती तर वाटेतलं हे जळायला नको?”

सानवीताई खुर्चीत सरळ झाली. काळा डाग त्या डोंगरावर पंख्यासारखा पसरला होता. वर रुंद, खाली निमुळता. आणि ते निमुळतं टोक एका बारीक मातीच्या रेषेला चिकटलं होतं.

“वणवा वर चढतो,” सुनील सावकाश म्हणाला. “म्हंजे लागला खाली. ही रेघ कसली?”

“गजाचा रस्ता,” वनिता म्हणाली. “जेसीबीनं काढलाय.”

मग सानवीताईनं आणखी एक थर चढवला. त्या भागात उपग्रहाला कधी कधी आग दिसली त्याच्या नोंदी. रस्त्याच्या कडेकडेनं तीन लाल चौकोन उमटले. प्रत्येक आगीनंतरच्या चित्रात रस्ता थोडा पुढे सरकला होता, जळालेल्या भागातून. आधी जाळायचं, मग म्हणायचं इथे झाडंच नाहीत, मग रस्ता काढायचा.

वनिता तारखा बघत होती. बोटांवर काहीतरी मोजून ती एकदम थांबली. “ह्ये सगळे बाजाराचे वार हायत.”

बाजाराच्या दिवशी बेहडवाडी ओस असायची. गजाला ते पक्कं ठाऊक होतं. यावेळी फक्त धाऊकाका राबासाठी मागे राहिले आणि आयते त्याच्या तावडीत सापडले.

ऋजुतानं पट्टी घेतली आणि पडद्यावर रस्त्याची रेघ पुढे वाढवली. ती देवीच्या रानात शिरली आणि डवऱ्यावर जाऊन टेकली.

“पुढचा बाजार कधी?” तिनं विचारलं.

“कमिटी यायच्या आदल्या दिवशी,” वनिता म्हणाली.

सानवीताईनं नम्रताबाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे उत्तर सगळ्यांनी ऐकलं. “अहो, उपग्रहाला राब काय आणि वणवा काय, दोन्ही सारखेच दिसतात. माझ्याकडे डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार आहे. तुमच्याकडे असेल तर आणा.”

फोन बंद झाला.

“साक्षीदार पायजे म्हणं,” सुनील म्हणाला आणि बेचकीचं रबर ताणून बघू लागला.

बाजाराच्या दिवशी सानवीताई लॅपटॉप घेऊन थेट वनखात्याच्या चौकीवर गेली. नकाशा बघितल्याशिवाय तिथून हलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मुलांना तिनं वाडीत, दवाखान्यातून परतलेल्या धाऊकाकांपाशी सोडलं आणि बजावलं, “अंगण सोडायचं नाही.”

काका दुखण्याच्या गोळीनं गाढ झोपले होते. चौघांनी अंगण सोडलं.

“नुसतं बघायचं,” ऋजुता वाटेत म्हणाली. “फोटो घ्यायचा आणि मागे फिरायचं.”

“आणि मी पॉइंट घेणार,” मिहीर म्हणाला. सानवीताईचा जुना फोन त्याच्याकडे होता.

“घे की. समुद्रातला बिंदू घे,” वनिता म्हणाली.

डवऱ्याच्या वर एक मोठा कातळ होता. त्याच्या आडोशाला चौघं पालथे झोपले. ऊन असं होतं की कातळाला पोट भाजत होतं. थोड्या वेळानं खालून जेसीबीची घरघर ऐकू आली. गजा पुढे चालत होता. गॉगल नवा होता. मागे धोंडी जेसीबीवर, हाताला पट्टी बांधलेला. गजानं कॅनमधून चिंध्यांवर डिझेल ओतलं आणि त्या काठीला गुंडाळल्या.

“आज सगळं साफ,” तो म्हणाला. “उद्या कमिटी येईल ती राख मोजायला.”

ऋजुतानं फोटो घेतला. एक, दोन, तीन. गजाचा चेहरा, चिंधी, काडेपेटी. सगळं स्पष्ट.

“झालं,” ती कुजबुजली. “चला.”

आणि त्याच क्षणी मिहीरच्या फोनमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “पॉइंट सेव्ह्ड.”

गजानं मान वर केली.

मग सगळं एकदम घडलं. चौघं उठून पळाले, पण गजा एका झटक्यात कातळावर चढला. त्यानं ऋजुताची वेणी पकडली. तिचं डोकं मागे खेचलं गेलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं. फोन तिच्या हातून निसटला. गजानं तो उचलून कातळावर आपटला, पुन्हा आपटला, आणि टाचेखाली चिरडला. सुनीलचा दगड त्याच्या कानावर बसला. कान फुटला, रक्त पांढऱ्या शर्टवर ओघळलं. गजाची पकड सुटली. वनितानं ऋजुताला ओढलं आणि दोघी गडगडत डवऱ्याच्या काठी जाऊन पडल्या. मागोमाग सुनील आणि मिहीरही खाली उतरले.

गजा कान दाबून उभा होता. त्याचं तोंड वाकडं झालं होतं. त्यानं काडी ओढली. चिंधी भडकली.

“आता सांगा कुणाला सांगायचं ते,” तो म्हणाला आणि पेटती काठी मुलांच्या खालच्या पाचोळ्यात फेकली.

“गजा, अरे पोरं हायत तिथं,” धोंडी जेसीबीवरून ओरडला. पण गजा आडव्या पायवाटेनं पळत सुटला होता.

सागाचा वाळका पाचोळा भस्सकन पेटला. आग झाडाच्या उंचीची झाली. चढावर भरलेला ट्रक यावा तशी ती घरघरत वर येऊ लागली.

“घुमटीकडे चला,” वनिता ओरडली. “वर. देवीच्या घुमटीकडे.”

“नको,” ऋजुता म्हणाली. तिच्या डोक्यात नकाशा लख्ख दिसत होता. “आग आपल्यापेक्षा जोरात चढते. वर गेलो तर ती गाठणार. आडवं जायचं, उजवीकडे. कारवीच्या पलीकडे काळा पट्टा आहे.”

“मागच्या महिन्यात जळालेला?” सुनीलनं विचारलं.

“तोच. तिथे जळायला काही उरलेलं नाही.”

वनितानं ओढणी डवऱ्यात बुडवली आणि टरकन फाडली. ओल्या चिंध्या तोंडाला लावून चौघं पळाले. धूर इतका दाट झाला की ऋजुताला स्वतःचे पाय दिसेनात. कारवीच्या काठ्या अंगावर ओरबाडत होत्या. ज्वाळेची एक जीभ डावीकडून आली, मिहीरचे केस चरचरले आणि तो अडखळून पडला. ऋजुतानं त्याला कॉलर धरून फरफटत ओढलं. तिच्या दंडावर निखारा पडला, चिकटला. तिनं तो हातानं झटकला आणि पुढे ओढत राहिली.

मग पायाखाली एकदम मऊ लागलं. राख. सगळीकडे काळी, थंड राख आणि जळके बुंधे. आग पट्ट्याच्या कडेपर्यंत आली, फुत्कारली आणि जळायला काही न मिळाल्यामुळे वर निघून गेली.

मिहीर खोकत होता, रडत होता आणि फोन डोळ्यांशी धरून आकडे टाइप करत होता. “रेंजची एकच कांडी आहे,” तो म्हणाला. “ताईला मेसेज टाकला.”

धुरातून किंचाळी ऐकू आली. जेसीबी पेटलं होतं आणि धोंडी त्यातून उडी मारून डोंगरावर वर धावत होता. थेट आगीच्या वाटेत.

वनितानं त्याला बघितलं. त्यानंच तिचा ओठ फोडला होता, तिच्या बाचा हात मोडणाऱ्यांत तोही होता. तिनं तोंडावरची ओली चिंधी खाली ओढली. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

“वर नको! आडवा ये, आडवा! काळ्यात ये!”

धोंडी वळला. तो पट्ट्यात येऊन पडला तेव्हा त्याचा शर्ट पाठीवर जळत होता. सुनील आणि वनिता त्याला राखेत लोळवत राहिले. शेवटी आग विझली. पाठीवर फोड आले होते. हाताची पट्टी सुटली होती, खाली दातांचे वण दिसत होते.

“तू... तीच ना?” धोंडी धापा टाकत म्हणाला.

“व्हय. चावरी,” वनिता म्हणाली. “गप पडून ऱ्हा.”

धुरातून आणखी कुणीतरी येत होतं. वारा फिरला होता आणि गजाची पायवाट आगीनं अडवली होती. शर्ट काळा, कानावर रक्त सुकलेलं, हातात कुदळीचा दांडा. त्याची नजर मिहीरच्या फोनवर गेली.

“धोंडी, तो फोन घे.”

धोंडी कण्हत उठून बसला. “तू मला आगीत सोडून पळालास.”

“फोन घे म्हणतो ना!”

“नाय घेत.”

दांडा धोंडीच्या डोक्यात बसला. तो आडवा झाला. गजानं दांडा पुन्हा उचलला, यावेळी मिहीरकडे तोंड करून. ऋजुताच्या शेजारी एक जळका बुंधा आताच्या ठिणग्यांनी आतून पुन्हा धुमसू लागला होता. तिनं विचार केला नाही. बुंध्याच्या खोबणीत हात घालून मूठभर गरम राख तिनं गजाच्या डोळ्यांत फेकली. तळहात भाजला. गजा ओरडला, आंधळ्यासारखा दांडा फिरवू लागला. एक फटका सुनीलच्या पायावर बसला. सुनीलनं पडता पडता गजाचा पाय धरला. गजा तोंडावर आपटला. वनिता आणि ऋजुता त्याच्या पाठीवर बसल्या. आणि डोक्यातून रक्त वाहणारा धोंडी सरपटत आला आणि त्यानं आपलं सगळं वजन गजाच्या खांद्यांवर टाकलं.

“अजून एक हाय,” सुनील कण्हत म्हणाला आणि बेचकीत दगड घालून ती गजाच्या नाकासमोर धरून बसला.

शिट्ट्या ऐकू आल्या. गजाच्याच नव्या रस्त्यानं नम्रताबाईंची जीप वर येत होती. मागून वनरक्षक, बाजारातून परतलेली वाडीतली माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे प्लास्टरमधला हात छातीशी धरून धावणारे धाऊकाका. हिरव्या फांद्यांनी झोडपत माणसांनी आग देवीच्या रानाच्या कडेला थोपवली. रानाचा एक कोपरा गेला. पण डवरा वाचला, घुमटी वाचली, हिरड्याची झाडं वाचली.

गजाला बांधून जीपमध्ये टाकलं तेव्हा तो म्हणत होता, “पुरावा काय? फोटो दाखवा फोटो.”

“फोटो कशाला?” धोंडी म्हणाला. त्याच्या डोक्याला वनिताच्या ओढणीची चिंधी बांधली होती. “मी सांगतो की सगळं. चारही वणवे. त्या राबवाल्याला मारलं तेव्हा मीबी होतो, तेबी लिहा.”

नम्रताबाई ऋजुताच्या तळहाताला मलम लावत होत्या.

“चौकीवर काय झालं माहितीये का?” त्या म्हणाल्या. “सानवीच्या फोनवर मेसेज आला. नुसते आकडे. आमच्या माणसानं नकाशात घातले तर जागा थेट बर्फाच्या समुद्रात. मी म्हटलं, पोरं चेष्टा करतायत. तुझी ताई ताडकन उठली. म्हणाली, ही चेष्टा नाही, हा मिहीर आहे. तिनं आकडे उलटवले आणि बिंदू बरोबर ह्या पट्ट्यावर आला.”

सगळे मिहीरकडे बघायला लागले. त्याच्या कपाळावरचे केस जळून गेले होते.

“मी मुद्दाम केलं,” तो म्हणाला. “म्हणजे गजाला कळू नये म्हणून.”

“गप रं,” वनिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली तेव्हा नकाशा घुमटीसमोर अंथरला होता. नम्रताबाईंनी आपला आधीचा अहवाल सगळ्यांसमोर मागे घेतला. “मी राब बघितला आणि वणवा बघितला,” त्या म्हणाल्या, “मधला हिरवा नाला बघितला नाही. तो ह्या मुलांनी बघितला.” मग त्या धाऊकाकांकडे वळल्या आणि त्यांनी हात जोडले. काकांना ते अवघड झालं. त्यांनी आपला चांगला हात वर केला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या बाई. पोरास्नी काय ते बोला.”

कमिटीतल्या वयस्कर साहेबांनी चौघांना जवळ बोलावलं. प्रत्येकाचं नाव विचारलं. दावा पुढे पाठवताना नकाशाखाली करणाऱ्यांची नावं लिहा, असं त्यांनी सानवीताईला सांगितलं. सुनीलनं आपलं नाव दोनदा वाचून बघितलं.

“न सांगता रानात गेलात त्याचं काय?” धाऊकाका आता म्हणाले. आवाज कडक होता, पण डोळे भरले होते. “पुन्यांदा गेलात तर मी हाय आणि तुमी हाय.” मग ते नकाशावर वाकले. “आणि ह्या कागदावर आमचा डवरा कुटं हाय?”

सानवीताईनं कपाळावर हात मारला. गडबडीत तो बिंदू दुरुस्तच झाला नव्हता. तिनं लॅपटॉप मिहीरपुढे सरकवला. चौघं त्याच्याभोवती दाटीनं बसले. काकाही बसले. मिहीरनं बोट वर केलं आणि ते तसंच हवेत धरून वनिताकडे बघितलं.

“अठरा आधी,” बेहडवाडी एका आवाजात म्हणाली.